पाण्यात नाचून काय भेटतं?

ताई, नमस्कार. मी लातूरची, वय २१. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी पोहण्याचा तलाव बंद झाला आणि पप्पांनी मला पुण्याला आत्याकडं ठेवलं. तिथं मी सिंक्रो, म्हणजे सिंक्रोनाइज्ड स्विमिंग, संगीताच्या तालावर एकत्र पोहायचा खेळ शिकले. महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धेत ड्युएट (दोघींचा प्रकार) आणि टीम दोन्हींत माझी पदकं आहेत. गावात मात्र हा खेळ कुणालाच माहीत नाही. मागच्या महिन्यात गुणवंतांचा सत्कार होता. निवेदकांनी माझं नाव 'पोहण्याच्या शर्यतीत पहिली' असं पुकारलं. मी शाल-नारळ घेतला आणि काही न बोलता खाली उतरले. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पाण्यात नाचून काय भेटतं?" घरात स्थळांचं बोलणं सुरू झालंय, म्हणून आई माझे कॉस्च्यूममधले फोटो कुणाला दाखवू देत नाही. पप्पा म्हणतात, हौस झाली, आता एमपीएससी कर. आणि दुष्काळात 'प्यायला पाणी नाही अन् तुमची पोरगी पोहायली' असं ज्यांनी ऐकवलं होतं, ते लोक अजून ते बोलतात. या खेळात पुढं काही आहे का? आणि मी जे केलं ते कुणाला कधी कळणार? कळणारच नसेल तर सोडून द्यावं का?
— एक जलतरणपटू, लातूर

लेकरा,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिला तू त्याच्यावरच टांगून ठेवलायस. कुणाला कळत नाही या कारणासाठी सोडू नकोस. शरीर थकलं, मन उडालं, दुसरं काही जास्त आवडायला लागलं, तर खुशाल सोड. तो तुझा हक्क आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी नको. पण निवेदकाला खेळाचं नाव ठाऊक नव्हतं म्हणून लहानपणापासूनची मेहनत आवरती घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही.

तुझ्या खेळाची अडचण अशी की तो जितका चांगला होईल तितके त्यातले कष्ट कमी दिसतात. पळणाऱ्याला लागलेली धाप दिसते. पैलवानाच्या अंगाची माती दिसते. तू मात्र नाकाला क्लिप लावून, डोकं खाली आणि पाय वर अशी श्वास कोंडून राहतेस, तळहातांनी पाणी कापत स्कलिंग करतेस, तळाला पाय टेकवायची मुभा नसताना एगबीटरच्या, म्हणजे पाय आळीपाळीनं गोल घुमवण्याच्या जोरावर कमरेपर्यंत बाहेर येतेस, आणि वर आलीस की हसतेस. पाण्याखालच्या स्पीकरमधून ऐकू येणाऱ्या ठेक्यावर शेजारणीचा आणि तुझा पाय एकाच क्षणी वळला नाही तर गुण कापले जातात. काठावर बसलेल्याला दिसतात ती रंगीत कॉस्च्यूम, जिलेटिननं चापून बसवलेले केस आणि गाणं. काकांनी जेवढं पाहिलं असेल तेवढ्यावरून ते बोलले. खालचं पाणी त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

आणि हे फक्त लातूरचं आहे असं समजू नकोस. हा खेळ १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आला. आठ वर्षांनी, बार्सिलोनाला, कॅनडाची सिल्वी फ्रेशेत सोलोमध्ये, म्हणजे एकटीच्या प्रकारात, सुवर्णपदकाच्या दारात उभी होती. एका पंच बाईंनी ९.७ च्या जागी ८.७ गुण टाकले. चूक झाली हे त्यांनी सांगितलं, तरी तो आकडा तेव्हा बदलला गेला नाही आणि सिल्वीला रौप्य घेऊन घरी जावं लागलं. सुवर्णपदक तिच्या हातात पडलं ते १९९३ च्या डिसेंबरात, कॅनडातच झालेल्या समारंभात. ज्यांचं कामच गुण मोजायचं, त्यांच्याकडून असं झालं होतं. सिल्वी मात्र पुन्हा पाण्यात उतरली. १९९६ ला अटलांटात कॅनडाच्या टीमबरोबर तिनं रौप्य मिळवलं आणि नंतर लास व्हेगासला पाण्यावरच्या सर्कशीच्या मोठ्या प्रयोगात ती काम करत होती.

दुसरी अनिता अल्वारेझ. अमेरिकेची ही मुलगी दोन ऑलिंपिक खेळली होती, पण जगाला तिचं नाव कळलं ते २०२२ च्या जूनमध्ये. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत सोलो संपता संपता ती बेशुद्ध पडून तळाकडं जायला लागली आणि तिच्या प्रशिक्षक आंद्रेआ फुएंतेस यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला वर काढलं. तो फोटो जगभर छापला गेला. दोन वर्षांनी पॅरिसला हीच अनिता अमेरिकेच्या टीमबरोबर रौप्यपदक घेऊन उभी राहिली, तेव्हा त्या फोटोच्या मानानं फार कमी लोकांनी पाहिलं. हे मला फार लागतं. तिच्या बुडण्याची बातमी झाली, तशी तिच्या पोहण्याची झाली नाही. म्हणून सांगते, टाळ्यांच्या आवाजावर स्वतःची किंमत ठरवायला या खेळाइतकी वाईट जागा नाही.

पण लोकांना कधीच कळणार नाही, असंही मी म्हणणार नाही. आपल्याच मराठवाड्यातलं बघ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस पळतो. अडथळ्यांची, पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत जायची तीन हजार मीटरची ही शर्यत बीड जिल्ह्यात त्याच्या आधी किती जणांना माहीत होती? २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं केनियाच्या धावपटूंच्या मधे घुसून रौप्य काढलं आणि गावोगावच्या पारावर लोक त्या शर्यतीचे नियम एकमेकांना सांगायला लागले. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खो तर शाळेच्या प्रत्येक मैदानावर खेळतात, तरी एवढा मान यायला वेळ लागलाच. पोहण्यातलंच हवं असेल तर मुरलीकांत पेटकर. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकलं आणि पद्मश्री मिळाली २०१८ ला. इतकी वर्षं कुणी थांबावं असं मी म्हणत नाही, तो उशीर आपल्या सगळ्यांच्या माथ्यावर आहे. मुद्दा एवढाच की लोक जे बघायला शिकलेले नाहीत त्याचा मान त्यांना करता येत नाही. आपल्या भागात हे बघायला शिकवणारं आज तुझ्याशिवाय मला तरी दुसरं कुणी दिसत नाही.

आता त्या मंचाकडं येऊ. तू काही न बोलता खाली उतरलीस. यात तुझा दोष नाही. आपल्याकडं मुलींना शाल-नारळ घेऊन नमस्कार करायला शिकवतात, माइक मागायला शिकवत नाहीत. पुढच्या वेळी मात्र दोन गोष्टी कर. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निवेदकाला चार ओळी लिहून पाठव, व्हॉट्सअॅपवर आणि कागदावरही. त्या अशा असू देत: 'हा शर्यतीचा प्रकार नाही. यात संगीताच्या तालावर, तळाला पाय न टेकवता, आठ जणी किंवा दोघी एकत्र पोहतात. पंच अवघडपणा, अचूकपणा आणि एकमेकींशी जुळणारी लय यांना गुण देतात. हिनं राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून ड्युएट आणि टीममध्ये पदकं मिळवली आहेत.' निवेदक वाईट माणसं नसतात, त्यांच्या हातात वीस नावांची यादी असते आणि पुढ्यात घाईत असलेले पाहुणे. लिहिलेलं मिळालं तर ते आनंदानं वाचतात. आणि तरीही चुकलंच, तर माइक मागून घे आणि 'सर, एक मिनिट, मी शर्यत नाही, आर्टिस्टिक स्विमिंग करते' एवढंच शांतपणे सांग. २०१७ पासून खेळाचं अधिकृत नाव हेच आहे, तेव्हा सर्टिफिकेटवर आणि बोलण्यात एकच नाव असलेलं बरं.

चार ओळींनी ओळख होते, पटतं मात्र बघितल्यावर. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन असतो, १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन. यातल्या एखाद्या दिवशी लातुरात किंवा जवळपासच्या ज्या तलावाला पुरेसं खोल टोक आहे तिथं तुझ्या ड्युएटमधल्या जोडीदारणीला बोलावून दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक कर. आधी संगीत न लावता, सावकाश, एकेक हालचाल समजावून सांग: हा एगबीटर, हे स्कलिंग, आता मी उलटी होणार आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्याबरोबर श्वास धरायचा. काठावरच्यांचा श्वास तुझ्याआधी सुटला की त्यांना कळेल. मग संगीत लावून अख्खं रूटीन दाखव. पाण्याखाली चालणारा कॅमेरा कुणाचा मिळाला तर खालचं चित्रण पडद्यावर दाखव. काकांना पहिल्या रांगेत बसव, मनात राग न धरता.

दुष्काळाचं बोलणं मला टाळायचं नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला यायची, आणि त्याआधी टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. रात्र रात्र घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला पोहणाऱ्या पोरीचा राग आला असेल तर तो मी समजू शकते. पण पाणी का आटलं, याचा जाब १२ वर्षांच्या मुलीला विचारायचा नसतो. तू कुणाच्या घागरीतलं पाणी घेतलं नाहीस. उलट गाव आणि घर सोडून गेलीस. त्या बोलण्याचं ओझं एवढी वर्षं तू एकटीनं वाहिलंस, ते आता उतरव. तेव्हा बोललेली माणसं भेटलीच तर वाद घालू नकोस. तलावाचं पाणी रोज ओतून देत नाहीत, गाळून तेच फिरवतात, एवढं विचारलंच तर सांग. टंचाईच्या वर्षी तलाव बंद ठेवायचा निर्णय झाला तर त्याच्या बाजूनं उभी राहा. हे मनापासून करशील, तर तुझ्याबद्दलचं मत बदलेल.

पुढं काही आहे का, याचं उत्तर मी गोड करून देणार नाही. आपल्या देशात या खेळावर केवळ खेळाडू म्हणून घर चालत नाही. लीग नाही, मोठे प्रायोजक नाहीत. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हा खेळ आपल्याच तलावात झाला, त्यानंतर राष्ट्रकुलातूनही तो गेला. ऑलिंपिकमध्ये या प्रकारात भारताची मुलगी अजून उतरलेली नाही. पप्पांची काळजी यातून येते, ती खोटी नाही.

तरीही मला या खेळात काम दिसतं, आणि पुष्कळ दिसतं. सगळ्यात आधी प्रशिक्षण. एका प्रशिक्षकानं देशाचं चित्र कसं बदलतं याला जपानच्या मासायो इमुरा यांचं उदाहरण आहे. त्या चीनला शिकवायला गेल्या, मायदेशात त्यांना त्यासाठी खूप बोलणी खावी लागली. आणि २००८ ला बीजिंगमध्ये चीननं या खेळातलं आपलं पहिलं ऑलिंपिक पदक घेतलं, टीमचं कांस्य. २०२४ ला पॅरिसमध्ये टीम आणि ड्युएट दोन्ही सुवर्णं चीनची होती. आपल्याकडं ही जागा जवळजवळ मोकळी आहे. एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, जलतरण प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम कर किंवा बी.पी.एड. कर, आणि त्याबरोबरच पंचांच्या परीक्षेची चौकशी राज्य संघटनेकडं करून ठेव. २०२३ पासून गुण देण्याची पद्धतच बदललीय. कोणती हालचाल कितीच्या अवघडपणाची करणार हे आधी लिहून द्यायचं, आणि तशी झाली नाही तर त्या हालचालीचे गुण एकदम तळाला जातात. हे नियम ज्यांनी स्वतः पाण्यात सोसलेत असे पंच आपल्याला लागतील.

आणि मराठवाड्यात याहून तातडीचं एक काम आहे. आपल्याकडं मुलं विहिरीत शिकतात, कमरेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. दुपारची विहीर मुलांची असते; मुली काठावरूनच बघतात. त्यात आता गावोगाव शेततळी झाली. प्लास्टिकच्या कागदावरून पाय सटकला की पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघता येत नाही, आणि न येणाऱ्या लेकरांचं काय होतं ते आपण दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो. मुलींसाठी, बायांसाठी वेगळी बॅच घेणारी बाई प्रशिक्षक एखाद्या तालुक्यात उभी राहिली तर आया रांग लावतील. त्या बॅचमध्ये पाण्यात निवांत, सरळ आडवं राहायला शिकवायचं, ते तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवेल? तुझ्या खेळाचं पहिलं पाऊलच ते आहे. त्यांतल्या दोन-चार पोरी पुढं सिंक्रोला वळतील. बाकीच्या निदान बुडणार नाहीत. यात फीचं उत्पन्न आहे, आणि ज्या गावात नाव घ्यायला कुणी नाही म्हणतेस तिथं घराघरात तुझं नाव जाईल.

आईचं काळजाला लागणारं आहे, म्हणून जपून लिहिते. फोटो लपवण्यामागं तिला तुझी लाज वाटते असं मला वाटत नाही. पाहुण्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल एखादा वाईट शब्द ऐकावा लागेल, ही भीती आहे. कुठला फोटो कुठं टाकायचा हे तूच ठरव, पण खेळ लपवून स्थळ बघू देऊ नकोस. लपवून जमलेल्या घरात तुला तलावाच्या काठापर्यंतही जाता येणार नाही. बायोडेटात शिक्षणाच्या खाली ठळक लिहा, ज्यांना खटकेल ते आपोआप गळतील. आणि लग्न म्हणजे शेवट, असं कुणी म्हणालं तर स्वेतलाना रोमाशिनाचं नाव सांग. या खेळातली सात ऑलिंपिक सुवर्णपदकं तिच्या एकटीच्या नावावर आहेत. २०१७ ला तिला मुलगी झाली, ती परत आली, आणि टोकियोत वयाच्या एकतिसाव्या वर्षी आणखी दोन सुवर्णं घेऊन गेली. तू २१ ची आहेस. आईनं तुला स्पर्धेत पोहताना कधी पाहिलंय का, हे तू लिहिलं नाहीस. नसेल, तर पुढच्या स्पर्धेला तिला घेऊन जा. पप्पांच्या आधी तिला.

पप्पांशी भांडण करायचं कारणच नाही, कारण एमपीएससी आणि तुझी पदकं एकमेकांच्या आड येत नाहीत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पद जितकं वरच्या गटातलं तितकी स्पर्धा वरच्या दर्जाची लागते, आणि प्रत्येक सर्टिफिकेट क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. बोगस सर्टिफिकेटांचे प्रकार उघडकीला आल्यापासून ही तपासणी कडक झालीय, ते बरंच झालं. ज्यांनी खरंच घाम गाळलाय त्यांना त्याची भीती नको. शिवछत्रपती पुरस्कारासाठीही कुणी आपण होऊन बोलवायला येत नाही, जाहिरात निघाली की आपणच अर्ज भरायचा असतो. पुष्कळ चांगले खेळाडू संकोचानं तो भरत नाहीत, तू भर.

तेव्हा या आठवड्यात एक फाइल कर. स्पर्धेचं वर्ष, ठिकाण, प्रकार, क्रमांक, सर्टिफिकेटची मूळ प्रत, तीन झेरॉक्स, संघात निवड झाल्याचं पत्र, वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर तेही. टीम आणि ड्युएटची सर्टिफिकेटं वेगळी ठेव. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळतंय का ते तपास. नसेल तर संघटनेकडून आत्ताच दुरुस्त करून घे, नंतर फार हेलपाटे पडतात. मग पप्पांना बरोबर घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि यातल्या कुठल्या स्पर्धा कुठल्या गटाच्या पदासाठी धरल्या जातात, हे लेखी अर्जानं विचार. तोंडी उत्तरावर परत येऊ नकोस. अर्जाची पोच घे, आणि उत्तर आलं की मला कळव.